निरवांगीच्या पेटीतला गंधार

दगडूतात्या पेटीवाल्यांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "आ करा," म्हणाले.

मी त्यांच्याकडे खोली भाड्यानं मागायला गेलो होतो. बारामतीच्या कॅनॉल ऑफिसात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांच्या दुकानाला लागून एक खोली रिकामी आहे असं कळलं होतं. मला वाटलं, हे गृहस्थ पेट्यांबरोबर वैद्यकीही करत असावेत. मी जीभ बाहेर काढली.

"जीभ न्हाय, आवाज," ते म्हणाले.

मी घाबरत घाबरत 'आ' केला. मांडीवरच्या उघड्या पेटीची एक पट्टी त्यांनी दाबली, मग शेजारची दाबली, मान तिरकी करून दोन्ही आवाज ऐकले आणि म्हणाले, "काळी दोन. पन बोलताना खाली बसता तुमी. कचेरीत हाय जनू?"

मी हो म्हणालो.

"मग बरोबर. साहेबापुढं दबून बोलायची सवय लागलीया. ऱ्हावा खुशाल."

काळी दोन म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली दुसरी. गवयाचा 'सा' कुठल्या पट्टीवर बसतो ते असं सांगतात, एवढं मला पुढे कळलं. तात्यांना मात्र त्यासाठी गवई लागत नसे. दूधवाला, पोस्टमन, पलीकडच्या गल्लीतला शिंपी, सगळ्यांची पट्टी त्यांना पाठ होती. नावं ते विसरत, पट्टी विसरत नसत. "आरं, ती पांढरी चार येऊन गेली, तिचा निरोप हाय," असं ते सांगत आणि कोण आलं होतं हे आपण ओळखायचं. एकदा त्यांच्या बायकोनं विचारलं, "आन माझी पट्टी कंची?" तात्या म्हणाले, "तुजा आवाज पेटीत मावत न्हाय." त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

माणूस अंगानं किडकिडीत, डोक्याला कायम रुमाल आणि उजव्या कानाच्या पाळीला बारीक कानशीचा ओरखडा. सूर घासता घासता कानस कानावर अडकवायची सवय, दुसरं काय. तरुणपणी ते एका नाटक कंपनीत होते. ऑर्गन वाजवणाऱ्याच्या हाताखाली भाते शिवायचे, सूर बदलायचे. पुढे बोलपट आले, कंपनीची गाडी रुळावरून घसरली आणि तात्या कन्हेरी हे आपलं गाव जवळ म्हणून बारामतीत येऊन राहिले. येताना कंपनीच्या मोडक्या पेट्यांतले सूर एका डब्यात घालून घेऊन आले. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर बारीक जीभ बसवलेली असते, भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि बोलते. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. तात्यांचा धंदा एवढाच होता.

धंदा एवढाच, पण डोक्यात एक किडा होता. सगळी वाद्यं माणसाच्या गळ्याची नक्कल करायला निघालेली आहेत, असं त्यांचं ठाम मत. मग त्यातलं गळ्याच्या सगळ्यात जवळ कोण पोचलं, आणि उरलेलं अंतर कशाचं आहे, हा त्यांचा रोजचा विचार. दुकानात कोणीही वाजवणारा आला की त्याला पाणी देण्याआधी हा प्रश्न पुढे यायचा. सारंगीबद्दल ते म्हणत, "लई जवळ जाती बगा, पन तिला कायम सर्दी." सनईवर त्यांचं प्रेम होतं, मात्र तिला हळू बोलता येत नाही ही तक्रार होती. बासरीला पोट नाही. स्वतःच्या पेटीबद्दल तर ते निर्दयपणे बोलत. "पेटीला पायऱ्या हायेत, उतार न्हाय. गळा कसा, एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला टनाटना उड्या माराव्या लागत्यात." पेट्या विकून पोट भरणारा माणूस गिऱ्हाईकासमोर असं बोलतो, हे पाहून मला हसू येई. गिऱ्हाईक मात्र हमखास पेटी घेऊन जाई.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळेच बहुधा तात्यांना मी आवडलो. मला काही ठाऊक नसल्यानं मी वाद घालत नसे.

एका रविवारी ते मला कन्हेरीला घेऊन गेले. त्यांचा मेव्हणा म्हसू तिथं मळा करायचा. वांगी, मिरच्या, कडेला थोडा ऊस. विहिरीवर मोट होती. मोटेचं कामच असं, की बैल उतारावरून खाली चालत जातात तेव्हा पाण्यानं भरलेली मोट वर येते आणि रिकामी होते. मग बैलांना तोंड न वळवता उलटं मागे यावं लागतं. कुठल्याही जनावराला हे आवडत नाही. म्हसू त्या वेळी गाणं म्हणे आणि बैल निमूट मागे येत. पण त्या आठवड्यात म्हसूचा घसा बसला होता, बैल अडून बसत होते आणि वांगी माना टाकत होती. तात्यांना ही संधी वाटली.

त्यांनी विहिरीच्या काठावर घोंगडं अंथरलं, पेटी मांडली आणि म्हसूचं गाणं जसंच्या तसं पेटीवर वाजवलं. फार गोड वाजवलं. बैल खालीच उभे. एकानं शेपटी हलवली, ती माशीसाठी. मग तात्यांनी बरोबर आणलेल्या सनईवाल्याला बसवलं. सनईनं बैल कान टवकारून उभे राहिले, एकानं लग्नघर जवळ आल्यासारखी मान उडवली, पण पाय उचलला नाही. तात्या रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "म्हसू, तू म्हन."

"घसा कुठं हाय मला?" म्हसू खरखरला.

"जेवडा हाय तेवडा काड."

म्हसूनं फाटक्या पत्र्यासारखा आवाज काढला. त्यात ना सूर होता, ना शब्द नीट होते. दोन्ही बैल एकदम पाऊल मागे टाकत निघाले, ते थेट वर येऊन थांबले.

दुसऱ्या कोणाला आनंद वाटला असता किंवा राग आला असता. तात्या घोंगड्यावर मांडी घालून बसले ते तासभर. शब्दांमुळे येतात का, म्हणून म्हसूला बिनशब्दाचं म्हणायला लावलं. बैल आले. मग शेजारच्या मळ्यातल्या गड्याला तेच गाणं शब्दांसकट म्हणायला लावलं. त्याचा गळा खणखणीत होता. बैल हलले नाहीत. येताना सबंध रस्ता तात्या एकच वाक्य म्हणत होते, "गळा म्हंजे कुनाचा तरी गळा, भाऊसाहेब. नुसता गळा असं कायबी नसतंय." मला भूक लागली होती. मी हो हो केलं.

इंदापूरची गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली आणि तिची शिक्षाही भोगली. तिथल्या एका व्यापाऱ्यानं नवा फोनो आणला होता. मला कामानिमित्त इंदापूरला जायचं होतं, तात्या म्हणाले, मीही येतो. व्यापाऱ्यानं कौतुकानं तबकडी लावली. एक बाई गात होती. तात्यांनी कर्ण्यात जवळजवळ डोकं घातलं. चावी संपत आली तसा आवाज खाली खाली जायला लागला आणि बाईचा हळूहळू बाप्या झाला. व्यापाऱ्यानं घाईनं चावी भरली, पण तात्यांचे डोळे चमकले होते. "परत संपू द्या," म्हणाले. मग परत. मग त्यांनी फिरत्या तबकडीला अंगठा लावून बघितला. बाईचा बाप्या, बाप्याचा रेडा. "बगा, गळा हलका केला की बाई, जड केला की बाप्या, आन मानूस मातर त्योच," असं काहीतरी ते मला समजावत होते. तेवढ्यात व्यापाऱ्यानं आम्हां दोघांना घराबाहेर काढलं. पुढे बरेच महिने त्या घराशी असलेलं कॅनॉलचं काम मला दुसऱ्या कारकुनाकडून करून घ्यावं लागलं.

तात्यांच्या या नादाला मी करमणूक समजत होतो. तो नाद कोणाच्या तरी मुळावर येऊ शकतो हे मला निरवांगीत कळलं.

निरवांगीत एक भजनी मंडळ होतं. पूर्वी टाळ-मृदंगावर चालायचं. गावाला हौस आली आणि त्यांनी तात्यांकडून पेटी घेतली. मंडळाचे मुख्य गाणारे ज्ञानू आबा. कांद्याची शेती, पांढऱ्या मिशा, छातीतून येणारा रुंद आवाज. मी त्यांना दोनदा ऐकलं होतं. पेटी आली आणि पंचाईत झाली. आबांचा गंधार, म्हणजे 'सा रे ग'मधला ग, पेटीच्या गंधाराशी जुळेना. तो थोडासा खाली लागायचा. इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आता पेटी शेजारी बसल्यावर शेंबड्या पोराच्याही ध्यानात यायला लागलं. लोक म्हणाले, पेटी काही चुकत नाही, आबाच बेसूर आहेत. म्हातारा माणूस भजनाला येईनासा झाला.

तात्यांना बोलावणं गेलं. ते तीन दिवस तिथं राहिले आणि आबांना रोज गायला लावलं. मग सगळ्या मंडळासमोर म्हणाले, "चुकनारा मानूस रोज निराळा चुकतो. आबा रोज एकाच जागी येत्यात, केसभर हिकडं न्हाय का तिकडं. ती चूक न्हाय. ती त्यांची जागा हाय." आणि त्यांनी पेटी उघडून सगळे गंधार आबांच्या गळ्याप्रमाणे घासून उतरवले. बाकीचेही दोन-चार सूर हलवले. पुण्याच्या एखाद्या पेटीवाल्यानं ती पेटी ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते. पण आबा गायला बसले आणि गळा कुठं संपतो, पेटी कुठं सुरू होते, हे सांगता येईना. तात्या पेटी मिटताना म्हणाले, "आता पेटी खरी झाली." हे वाक्य गावानं लक्षात ठेवलं.

पुढच्या वर्षी आबा गेले. त्यांच्या जागी मुलगा महादू बसला. चांगला गाणारा, पण त्याचा गंधार सगळ्या जगाचा असतो तिथंच लागायचा. झालं. पेटी एक सांगे, महादू दुसरं. लोक म्हणाले, पेटी खरी आहे, खुद्द तात्यांनी सांगितलंय. पोराला बापाचा सूर मिळाला नाही. महादूनं महिनाभर आपला गळा खाली ओढून पाहिला, आणि मग गाणंच सोडलं. मंडळ बंद पडलं.

हे मला महादूनंच सांगितलं. मी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या बघायला तिकडे गेलो होतो. तो आपल्या रानात पाणी वळवायला, दारं धरून उभा होता. "मी बेसूर हाय, भाऊसाहेब," तो म्हणाला, आपल्याला एखादा आजार आहे हे सांगावं तसं. तो बेसूर नव्हता. एवढं तर मलाही कळलं असतं.

बारामतीत येऊन मी तात्यांना सांगितलं. त्यांच्या हातातली कानस तशीच राहिली.

"मीच सांगून आलो हुतो," शेवटी म्हणाले. "पेटी खरी झाली म्हनून. आबासाठी खरी झाली, असं म्हनाया पायजे हुतं."

मग काय, जाऊन पुन्हा घासायची, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वरमलो. दोन-तीन महिने ते निरवांगीला गेले नाहीत. आज पेठेत काम, उद्या पाऊस, परवा पाय दुखतो. मला राग यायला लागला होता. एक तरणा माणूस तोंड मिटून बसला आहे आणि हे त्याला बरं करू शकतात, तरी जात नाहीत! एकदा मी तसं बोललोही.

"मला कळत न्हाय व्हय?" ते म्हणाले. "भाऊसाहेब, उभ्या जन्मात मी एकदाच गळा पेटीत उतरवलाय. सारंगीला जमलं न्हाय, फोनोला जमलं न्हाय, ते तितं जमलंय. आबा गेलं, पन त्यांचा गंधार त्या पेटीत हाय. आन मी माज्या हातानं त्यो खरवडू?"

पुढे सप्ताह जवळ आला आणि मंडळाचा निरोप आला, की या, नाहीतर आम्ही पेटी दुसऱ्याकडे नेतो. दुसऱ्याच्या हातात ती जायला नको, म्हणून तात्या निघाले. मला त्या दिवशी निरवांगीतच मोजणीचं काम होतं. नंतर तिथूनच मी इंदापूरला बदलीवर जाणार होतो. आम्ही बरोबर गेलो.

महादूनं पेटी ओटीवर आणून ठेवली. म्हणाला, "आईला इचारा. ती न्हाय म्हनली तर हात लावायचा न्हाय."

तात्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. आबांची बायको, काशीबाई, दाराशी बसून मिरच्यांची देठं मोडत होती. तात्या म्हणाले, "वैनी, आदी ऐकून घ्या. मग सांगा." आणि त्यांनी आबांचं नेहमीचं भजन पेटीवर धरलं. मी कन्हेरीला ऐकलं त्याहून कितीतरी चांगलं. गंधारावर ते पुन्हा पुन्हा येऊन थांबत होते. काशीबाईचे हात थांबले. तात्यांनी ते पाहिलं, आणि आणखी एकदा त्या सुरावर येऊन थांबले.

वाजवून झाल्यावर म्हणाले, "वळखलं का, वैनी?"

"वळखलं की. त्यांचाच हाय." तिनं पदरानं डोळे टिपले. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, पेटी अशीच राहणार.

"पन तात्या," ती म्हणाली, "ह्यो दमत न्हाय. ते दुसऱ्या कडव्याला दमायचे. मग खोकायचे, मग माज्याकडं बगायचे. मी पान्याचा तांब्या न्यायची. ही पेटी पानी मागत न्हाय."

तात्यांनी भात्यावरचा हात उचलला.

"माजं पोर वरीसभर गप हाय. ते असते तर ही पेटी त्यांनी पाटात टाकली असती. खरवडा तुमी." आणि तिनं पुन्हा देठं मोडायला घेतली.

मी हळूच तात्यांना म्हणालो, गंधाराचा एक सूर काढून न्या, त्या जागी नवा बसवा. ते म्हणाले, "दुसरा सूर आनलाच न्हाय. ती न्हाय म्हनंल असं धरून आलो हुतो मी. आन एका घरच्या सुरात परका बसवला तर त्यो येगळा बोलतो, पुन्यांदा ह्या पोरालाच नावं ठिवतील."

त्यांनी फडकं अंथरलं, पेटी उघडली. महादूला समोर बसवून 'आ' म्हणायला लावलं. तो इतका बुजला होता की आवाज फुटेना. तात्या रागावले नाहीत. "मोट्यानं. पेटी तुज्यामागं येनार हाय, तू तिच्यामागं जायचं न्हाय." एकेक सूर काढून ते टोकाशी घासत, परत बसवत, ऐकत, परत काढत. दुपार झाली. फडक्यावर पितळेचा पिवळा भुगा दिसायला लागला. मधला गंधार त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवला होता. तो काढण्याआधी त्यांनी भाता भरला, पट्टी दाबली आणि हवा संपेपर्यंत तो सूर ऐकला. मग काढला आणि घासला.

महादू गायला. आधी चाचरत, मग पेटी साथ देते आहे हे कळल्यावर छाती भरून. शेजारचे लोक येऊन ओटीखाली उभे राहिले. "आरं, ह्यो तर बेस गातोय," एकजण म्हणाला, जणू हे आजच झालं होतं. काशीबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. महादू तात्यांच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला धरून उभं केलं, पाठीवर थाप मारली, तोंडानं काही बोलले नाहीत. चहा आला, तोही घेतला नाही. मला वाटलं, फार लागलं म्हाताऱ्याला.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. लासुर्ण्यापर्यंत बैलगाडी, तिथून सर्व्हिस मोटार, बारामतीला पोचेपर्यंत दिवस मावळणार. जवळ गेल्यावर मला कळलं की ते गुणगुणत आहेत. तोंड मिटलेलं, एकच सूर. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. गळा घोगरा होता, जागोजाग फाटत होता. मी काही विचारणार तोच त्यांनी श्वास घेण्यापुरतं तोंड उघडलं.

"आता बोलू नगा, भाऊसाहेब. कंपनीच्या डब्यात एक जुना सूर हाय. घरी जाईस्तवर आबांचा ह्यो गंधार धरून ठिवाया पायजे."

आणि लगेच पुन्हा धरला. गाडी निघाली. ते मागच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून बसले होते, एक हात कानावर. पाटाच्या वळणावर गाडीवान काहीतरी विचारायला मागे वळला. तात्यांनी न बघताच दुसरा हात त्याच्या तोंडावर ठेवला. मी तिथंच उभा राहून लासुर्ण्याच्या मोटारीच्या घरघरीचा विचार करत होतो, आणि मला त्या मोटारीचा मनस्वी राग आला होता.